भरलेल्या बोलेरो पिकअपला डावीकडची मोटारसायकल दिसत नाही, मोठे आरसे बसवू का?

तुम्ही विचारलंय की पिकअपमध्ये मोसंबी भरून जालन्याला जाताना डाव्या बाजूने घुसलेली मोटारसायकल आरशात दिसत नाही, एकदम दारापाशीच दिसते. मग ट्रकसारखे मोठे आरसे बसवावेत, की चिकटवायचे गोल आरसे पुरतील? माझी पिकअपही जालना जिल्ह्यातल्या अंबड, वडीगोद्री, शहागड याच पट्ट्यात चालते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर आधी देतो. मोठ्या आरशाच्या खर्चात लगेच पडू नका. आहे तोच आरसा भरलेल्या गाडीवर नीट लावा आणि डाव्या आरशावर एक गोल आरसा चिकटवा. बहुतेक गाड्यांचं काम एवढ्यात होतं.

आरसे लावायची जी पद्धत व्हिडिओत सांगतात (डोकं काचेला टेकवा, आपली गाडी आरशातून जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर ढकला) ती कारसाठी आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज प्लॅट्झर यांनी वाहन अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडलेल्या निबंधामुळे ती पुढे आली, आणि कारसाठी ती खरोखर चांगली आहे. पण तिचा सगळा भार केबिनमधल्या मधल्या आरशावर आहे. ठीक मागचा रस्ता मधल्या आरशाने दाखवायचा, म्हणजे बाजूचे दोन आरसे शेजारची लेन बघायला मोकळे होतात. आपल्याकडे हौद्यात, म्हणजे मागच्या माल भरायच्या जागेत, कॅरेट रचले आणि वरून ताडपत्री ओढली की मधला आरसा बंद. मग मागचा रस्ता आणि शेजारची जागा, दोन्ही कामं बाजूच्या आरशांवर येतात. आरसा बाहेर ढकलला तर मागे चिकटून चाललेली गाडी जाते, आत घेतला तर शेजारची जाते. एकाच काचेत दोन्ही बसत नाही. तुमच्या अडचणीचं मूळ हे आहे, आणि काच दुप्पट मोठी केली तरी ते पूर्ण जात नाही.

त्यात डावी बाजू आणखी अवघड. ड्रायव्हरच्या डोळ्यापासून उजवा आरसा साधारण ६०-७० सेंटिमीटरवर असतो, डावा त्याच्या दुपटीने लांब. सपाट काच असेल तर जितकं अंतर वाढतं तितका दिसणारा पट्टा अरुंद होतो. पंधरा सेंटिमीटर रुंद सपाट काचेत उजवीकडे ढोबळ मानाने १३-१४ अंशांचा पट्टा दिसत असेल, तर डावीकडे तेवढ्याच काचेत सहा-सात अंशच दिसतो. म्हणून डावीकडे फुगीर, म्हणजे बहिर्वक्र काच हवी. तुमची कोणती आहे ते घरीच बघा. पोराच्या कंपासमधली पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी काचेवर आडवी टेकवा. मध्ये टेकली आणि दोन्ही टोकांशी दोन-अडीच मिलिमीटर फट राहिली तर काच फुगीर आहे. पट्टी सगळीकडे सारखी बसली तर सपाट. कधीतरी काच फुटली तेव्हा दुकानदाराने सपाट तुकडा कापून बसवलेला असतो आणि मालकाला पत्ताही नसतो. जुनी गाडी घेतली असेल तर हे आधी तपासा. डावीकडे सपाट निघाली तर पहिला खर्च तिथेच करा.

आता लावायची पद्धत. आरसा रिकाम्या गाडीवर लावू नका. माल भरला की मागच्या स्प्रिंगचे पाटे दबतात, मागचा भाग खाली जातो आणि आरसा रस्त्याकडे झुकतो, लांबचं कमी दिसायला लागतं. म्हणून गाडी भरून, सपाट जागी उभी करून, नेहमी बसता तसं पाठ टेकवून बसा. उजव्या आरशात हौद्याची कड आतल्या बाजूला बोटभर दिसू द्या, त्यापेक्षा जास्त नको. आपलाच हौदा बघून काही कळत नाही. डाव्या आरशातही कड बोटभरच ठेवा. क्षितिजाची रेघ आरशाच्या मध्याच्या जरा वर ठेवा, म्हणजे खाली मागच्या चाकाजवळचा रस्ताही येतो. हात हलका ठेवा. आरसा एक अंश फिरला की नजर दोन अंश फिरते, म्हणजे तीस मीटरवर जवळजवळ एक मीटरचा फरक पडतो. मुठीने दाबून आरसा बसवणाऱ्याला म्हणूनच तो कधी जुळत नाही.

मग खरी तपासणी. कोणाला तरी मोटारसायकल बंद करून गाडीच्या मागून डाव्या अंगाने, दारापासून हातभर अंतर ठेवून, हळूहळू ढकलत पुढे आणायला सांगा. तुम्ही सीटवर बसून नुसतं बघा. ती आरशातून दिसेनाशी झाली की "थांब" म्हणा आणि तिच्या पुढच्या चाकापाशी वीट ठेवायला लावा. नंतर ती क्लीनर साइडच्या, म्हणजे डाव्या, खिडकीतून, मान न वळवता, डोळ्याच्या कोपऱ्यात दिसली की दुसरी वीट. दोन विटांमधली जागा म्हणजे तुमचा आंधळा कोपरा. बाहेरच्या अंगाला आरसा किंचित हलवून पुन्हा करा आणि ही जागा कमीत कमी कुठे होते ते शोधा. ती एका मोटारसायकलच्या लांबीपेक्षा जास्त उरली, आणि भरलेल्या पिकअपला बहुधा उरतेच, तर तिथे गोल आरसा लागतो.

गोल आरसा दोन इंची, बुडाशी फिरवता येणारा घ्या. चिकटून कायम एकाच कोनात राहणारा घेऊ नका. तो मुख्य आरशाच्या बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात लावा. तिथे एरवी रस्त्याकडेची झाडं दिसतात, म्हणून ती जागा गेली तरी चालते. काच आधी साबणाने, मग स्पिरिटने पुसा, पूर्ण कोरडी होऊ द्या आणि दुपारी सावलीत चिकटवा. दव पडलेल्या सकाळी घाईत चिकटवलेला पहिल्याच खड्ड्यात पडतो. मग विटांच्या जागी मोटारसायकल उभी करून गोल आरसा तिच्याकडे वळवा.

एक गोष्ट मनावर घ्या. फुगीर आरशात सगळं लहान दिसतं, म्हणून लांब वाटतं. तुम्ही ५० ने चाललाय आणि मागची कार ९० ने येतेय, तर ती दर सेकंदाला ११ मीटर जवळ येते. पन्नास मीटर मागे असलेली साडेचार सेकंदात तुमच्या दारापाशी. सोलापूर-धुळे महामार्गावर उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला ओलांडायला बाहेर निघताना हे साडेचार सेकंद पुरत नाहीत. गोल आरसा "कोणी आहे का" एवढंच सांगतो. किती लांब आहे ते मोठ्या काचेत बघायचं, आणि दोनदा बघायचं, मध्ये एक-दोन सेकंद जाऊ देऊन. दुसऱ्यांदा गाडी मोठी दिसली की थांबा.

मोठा, लांब दांडीचा आरसा कधी? हौदा केबिनपेक्षा बराच रुंद बांधून घेतला असेल, किंवा कडबा, कापूस असा बाजूला फुगणारा माल नेत असाल आणि मालच आरशात आडवा येत असेल, तर. तेव्हा काच मोठी होण्यापेक्षा ती बाहेर सरकणं महत्त्वाचं असतं. दांडी दुमडणारी घ्या, नाहीतर मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, गर्दीत आठवडाभरही टिकणार नाही. लांब दांडी थरथरते, आणि थरथरत्या आरशात दिवसा गाडी पुसट दिसते, रात्री दिव्यांच्या नुसत्या रेघा. बोल्टखाली जुन्या ट्यूबचा तुकडा कापून घाला आणि घट्ट आवळा. थरथर बरीच कमी होते.

नवी काच घेताना दुकानातच हातात धरून मागचा विजेचा खांब त्यात बघा आणि डोकं सावकाश डावीकडे-उजवीकडे हलवा. खांब सापासारखा वळवळला तर काच परत करा.

पावसात नुसता आरसा पुसून भागत नाही. तुमची नजर दाराच्या काचेतूनही जाते, तीही आतून-बाहेरून पुसा, आणि वाफ धरली की बाहेरची हवा चालू करा. त्या काचेवर काळी जाळी, झालर, देवाचं मोठं स्टिकर असं काही नको. नियमाने बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा, आणि रात्री अंबडच्या रस्त्यावर तेवढाही कमी पडतो. मागून पांढरे दिवे लावलेला ट्रॅक्टर आला तर आरसा आकाशाकडे वळवू नका, नंतर तो विसरला जातो. मान थोडी पुढे घ्या, झोत डोळ्यावरून सरकतो.

राहिली फाळक्यामागची, म्हणजे हौद्याच्या मागच्या दारामागची जागा. ती कोणत्याच बाजूच्या आरशात येत नाही, मोठ्यातही नाही आणि गोलमध्येही नाही. शेतात किंवा यार्डात गाडी मागे घ्यायची असेल तर बरोबरच्या माणसाला उजव्या आरशात दिसेल असं उभं करा. तो आरशातून गेला की लगेच ब्रेक. बरोबर कोणी नसेल तर उतरून मागे चक्कर मारून या. वस्तीवर पोरं फाळक्यामागेच खेळत असतात.