गेटवर रडतो ते ठीक, पण आत त्याचं माणूस कोण?

"ताई, माझा मुलगा नोव्हेंबरमध्ये तीन वर्षांचा होईल. जूनमध्ये घराजवळच्या इंग्लिश मीडियम नर्सरीत घातलाय, सकाळी नऊ ते बारा. पहिला आठवडा उड्या मारत गेला, तेव्हापासून मात्र रोज गेटवर गळ्याला मिठी मारून रडतो. टीचर म्हणतात आत गेला की दोन मिनिटांत गप्प होतो. पण डबा तसाच परत येतो, घरी आला की एवढ्यातेवढ्यावरून आकांत, चड्डी ओली करायची सवय गेली होती ती परत सुरू झालीये. दिंडीच्या फोटोत सगळी मुलं हसतायत आणि हा एकटा तोंड पाडून उभा. परवा टेडीला भिंतीशी बसवून 'फिंगर ऑन लिप्स' म्हणून जोरात ओरडत होता. मी विचारलं टीचर ओरडते का, तर हो म्हणाला. मारते का, तर त्यालाही हो. माझी झोप उडालीये. सासूबाई म्हणतात काढून टाका, नवरा म्हणतो सगळीच मुलं रडतात. मला आठवड्यातून तीन दिवस ऑफिस असतं, सासूबाई घरीच असतात. तो तिथे खूश आहे की नाही हे मला कळणार कसं?" – ठाण्याहून एक आई

अगं, सगळ्यात आधी ते फोटो झूम करून बघणं बंद कर. तू तसं लिहिलं नाहीयेस पण करत असणार, सगळ्या आया करतात. दिंडीचा दिवस म्हणजे सकाळपासून धोतर सुटतंय, कपाळावरचं गंध सुकून खाज येतेय, हातात टाळ दिलेत पण वाजवू देत नाहीयेत आणि समोर टीचर मोबाईल धरून 'इकडे बघा, इकडे बघा' करतेय, यात अडीच-पावणेतीन वर्षांचं पोर तोंड पाडून उभं राहिलं तर मला काही विशेष वाटत नाही. हसणाऱ्यांपैकी निम्मे पाच मिनिटं आधी रडून झालेले असतील. त्या फोटोवरून काहीही ठरवू नकोस.

नवरा म्हणतो ते अर्धं खरं आहे. पहिला आठवडा हसत जाणं आणि मग रडणं सुरू होणं हे खूप मुलांचं होतं. सुरुवातीला सगळं नवीन असतं, खेळणी असतात, घसरगुंडी असते, आणि हे रोजचंच आहे ते त्याला दुसऱ्या आठवड्यात कळतं, मग तो रडतो. गणपतीच्या सुट्टीनंतर हे परत पहिल्यापासून सुरू होईल, दिवाळीनंतर तर होईलच, तेव्हा घाबरून मला परत लिहू नकोस (लिहिलंस तरी चालेल). आणि घरी आल्यावरचा आकांत. तो पाणी लाल ग्लासात का नाही दिलं म्हणून जमिनीवर लोळत असणार, बरोबर? तीन तास तो तिथे परक्या लोकांत, परक्या भाषेत, रांगेत उभं राहा, खाली बस, शेअर कर, हे सगळं कसंबसं सांभाळत असतो आणि घरी तू दिसलीस की बांध फुटतो. हे बघून जीव तुटतो मान्य आहे, पण जिथे सुरक्षित वाटतं तिथेच मुलं असा तमाशा करतात. त्या वेळी त्याला दुपारचं जेवण आणि झोप द्यायची, 'आज काय काय केलं' ते विचारायचं नाही. या वयात दुपारची झोप धरून चोवीस तासांत अकरा-बारा तास तरी झोप लागते, आणि शाळेसाठी सकाळी लवकर उठवायला लागल्यापासून त्याची झोप किती कमी झालीये ते एकदा मोजून बघ. शिवाय पावसाळा. नर्सरीच्या पहिल्या वर्षी नाक वाहायचं थांबतच नाही, आणि नाक चोंदलेलं पोर डबाही खात नाही.

आता तुझा खरा प्रश्न, खूश आहे की नाही. मला विचारशील तर हा प्रश्न टीचरला विचारूच नकोस, कारण उत्तर ठरलेलं आहे, 'ही इज व्हेरी हॅपी मॅम, एंजॉय करतो.' तीन तास सलग खूश तर कोणीच नसतं, तू तरी ऑफिसात असतेस का? मला कळायला हवंय ते एवढंच की तिथे त्याचं हक्काचं माणूस कोण आहे. म्हणजे पडला, सू झाली, कोणी गाडी हिसकावली, आईची आठवण आली, तर तो उठून कोणाकडे जातो. असं एक माणूस असलं की मूल रडत रडत का होईना रुळतं, आणि ते नसलं तर भिंतीवर कितीही कार्टून रंगवलेली असू देत आणि एसी असू दे, काही उपयोग नाही.

त्यामुळे टीचरला गेटवर गर्दीत नाही, वेळ मागून घे आणि बारीक बारीक विचार. रडतो तेव्हा कोण जवळ घेतं? काल डबा कोणाच्या शेजारी बसून उघडला? झाकण कोण काढून देतं? (हे खरंच विचार, कारण निम्मे डबे परत येतात ते झाकण उघडत नाही म्हणून, आणि उरलेले खायला दहा मिनिटंच असतात म्हणून.) कुठल्या खेळण्याकडे आधी जातो? ज्या टीचरने त्याच्याकडे लक्ष दिलंय ती पटकन काहीतरी सांगेल, 'तो ना त्या पिवळ्या ट्रकला सोडतच नाही' किंवा 'तो माझ्याकडे येत नाही हो, मावशींचा पदर धरून फिरतो सगळीकडे.' हे दुसरं उत्तर ऐकून खट्टू होऊ नकोस. उलट हेच चांगलं. खूप मुलांचं हक्काचं माणूस मावशीच असते, टीचर इंग्लिशमध्ये राइम्स घेत असते आणि मावशी नाक पुसते, चड्डी बदलते, 'ये रे बाळा' म्हणते. त्या मावशींचं नाव विचार, घरी ते नाव घे, सकाळी निघताना 'आज त्यांना नवीन बूट दाखव हं' म्हण. आणि टीचर दीड महिन्यानंतरही फक्त 'ऑल चिल्ड्रेन आर हॅपी' एवढंच सांगू शकली तर तेही उत्तरच आहे, ते लक्षात ठेव.

जमलं तर एक दिवस सुट्टी टाकून बाराच्या दहा मिनिटं आधी जा आणि त्याला दिसणार नाहीस अशी उभी राहा. तू दिसायच्या आधीचा त्याचा चेहरा बघ. तू दिसल्यावर रडला तर ते मोजायचं नाही, आई दिसली की सकाळी गिळलेलं रडूही बाहेर येतं.

चड्डीचं. मला आधी वेगळीच शंका येते. घरी तो 'सू आली' म्हणतो आणि तिथे बहुतेक 'टॉयलेट टीचर' म्हणायला शिकवलं असेल, आणि ते नीट म्हणता येईपर्यंत तो दाबून ठेवत असेल, मग घरी येऊन सगळंच बिघडतं. टीचरला स्पष्ट सांग की तो मराठीत सांगेल, समजून घ्या, आणि तास-दीड तासाने स्वतःहून घेऊन जा. २०२० च्या शैक्षणिक धोरणातसुद्धा शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असं म्हटलंय, मग पावणेतीन वर्षांच्या पोराने सू तरी आपल्या भाषेत मागू नये का! पंधरा दिवसांत फरक नाही पडला, किंवा लघवी करताना रडत असेल, तर शाळेला दोष द्यायच्या आधी डॉक्टरांना दाखव, इन्फेक्शन असू शकतं.

आता 'मारते का, तर हो'. एक कर, आज रात्री त्याला विचार, 'तुझ्या वर्गात हत्ती येतो का रे?' माझी पैज आहे, हो म्हणेल. 'तो पोळी खातो का?' हो. एवढ्या लहान मुलांना मोठ्या माणसाने तोंडात घातलेल्या प्रश्नाला हो म्हणायची सवय असते, त्यातून तुझा चेहरा घाबरलेला असला की आणखीच. त्यामुळे 'मारते का' विचारून मिळालेला हो काहीच सिद्ध करत नाही, आणि वाईट म्हणजे पाच वेळा विचारलंस तर ती गोष्ट त्याला खरीच वाटायला लागेल. सासूबाईंनाही हे प्रेमाने सांग. 'बिच्चारं माझं सोनं, टीचर मारते का रे' हे दारातच सुरू होत असेल तर ते आधी थांबव.

पण याचा अर्थ दुर्लक्ष कर असा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराची ती घटना कळल्यापासून कुठल्याच आईच्या पोटात गोळा आल्याशिवाय राहत नाही, आणि ते बरोबरच आहे. कोणी न विचारता तो स्वतःहून काही सांगू लागला, तेच तेच दाखवू लागला, कुणा एका माणसाचं नाव काढलं की गप्प होऊ लागला, कपडे बदलताना किंवा धुताना दचकायला लागला, अंगावर वळ दिसला, तर अजिबात वाट बघायची नाही. खोदून खोदून विचारायचं नाही, फक्त 'मग काय झालं?' एवढंच म्हणायचं, त्याचे शब्द तारखेसकट जसेच्या तसे लिहून ठेवायचे, डॉक्टरकडे जायचं, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन लावायचा, त्यासाठीच तो नंबर आहे. लैंगिक प्रकाराची शंका असेल तर पॉक्सो कायदा आहे, २०१२ पासून, पोलिसांना तक्रार घ्यावीच लागते, मुलाला त्यासाठी चौकीत न्यावं लागत नाही, जबाब घरीही घेता येतो. शाळेची काय इमेज होईल ते त्यांचं ते बघतील. तू लिहिलंयस त्यात मला तसं काही दिसत नाहीये, पण बाथरूमला कोण घेऊन जातं, ती बाईच असते ना, सीसीटीव्ही कुठे कुठे आहे, हे विचारायला काही कारण लागत नाही. विचारल्यावर शाळेच्या कपाळाला आठी पडली तर त्या आठीची नोंद घे.

आणि तो टेडी. मुलं जे बघतात ते खेळतात, तेव्हा वर्गात 'फिंगर ऑन लिप्स' होतंय हे नक्की. आपल्या वेळी 'हाताची घडी तोंडावर बोट' होतं, तेच हे. छळ वगैरे नाही, पण मला ते आवडत नाही. अगं १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बालवाडी चालवत होत्या, गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली, अंगणवाडीची कल्पना तिथली. आणि इतक्या वर्षांनी आपण फी भरून पोरांना भिंतीशी गप्प बसवतोय. टेडीचा खेळ बंद पाडू नकोस, त्यात बस, तू टेडी हो आणि म्हण 'टीचर, मला कंटाळा आला.' टीचर झालेला तुझा मुलगा पुढे काय करतो ते बघ, जवळ घेतो की कोपऱ्यात उभं करतो. त्याला थेट विचारण्यापेक्षा यातून जास्त कळेल. आणि टीचरला विचार की दिवसातला किती वेळ मुलं गप्प बसलेली असतात आणि किती वेळ खेळतात. आत्तापासून स्टँडिंग लाइन स्लीपिंग लाइनचा, म्हणजे उभ्या-आडव्या रेघा गिरवायचा होमवर्क घरी येत असेल तर माझं मत शाळेच्या विरुद्ध गेलंच म्हणून समज.

सकाळचं थोडक्यात सांगते. लपून पळायचं नाही, 'ते बघ कावळा' करून सटकायचं तर अजिबातच नाही, पुढच्या वेळी तो तुझा पदरही सोडणार नाही. आणि गेटवर पंधरा मिनिटं समजावतही बसायचं नाही. एक पापी, एक ठरलेलं वाक्य, 'डबा झाला, गाणी झाली, की आजी गेटवर', त्याला बारा वाजता वगैरे कळत नाही, आणि मग मागे वळून न बघता चालू पडायचं. जमलं तर आठवडाभर बाबाला सोडायला पाठव, 'सगळीच मुलं रडतात' म्हणणाऱ्याला गळ्यातली मिठी सोडवू दे जरा.

आणि काढायचं का? बघ, नर्सरी सक्तीची नाहीये, शिक्षण हक्क कायदाच सहा ते चौदा वर्षांचा आहे. आपल्याकडे नर्सरीला ३१ डिसेंबरपर्यंत तीन पूर्ण लागतात, तुझा नोव्हेंबरचा, म्हणजे तो नियमात बसतो पण वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांपैकी असणार, त्याच्या शेजारी जानेवारीत तीन पूर्ण झालेलं मूल बसत असेल, आणि या वयात दहा महिने खूप असतात. पुढच्या वर्षी घातलास तर पहिलीला साडेसहाचा असेल, काही बिघडत नाही. घरात आजी आहे, म्हणजे तुला हा पर्याय खरंच आहे, ज्यांना नाही त्यांना मी वेगळं सांगितलं असतं. फक्त सासूबाई म्हणतात म्हणून काढू नकोस आणि नवरा म्हणतो म्हणून ठेवूही नकोस. गणपतीपर्यंत थांब. तोवर त्याच्या तोंडी एखाद्या मावशीचं, मित्राचं, निदान त्या पिवळ्या ट्रकचं नाव यायला लागलं, झोप-जेवण रुळावर आलं, तर गेटवर रडला तरी राहू दे. यातलं काहीच झालं नाही तर सरळ काढ, संध्याकाळी बागेत मुलांत खेळू दे, आणि त्याच्यासमोर 'तुला जमलं नाही' असं चुकूनही म्हणू नका. भरलेली फी बहुतेक परत मिळणार नाही, ते आधीच मनाशी धरून चाल.