बर्फावरून बाबांशी भांडण

गेल्या काही वर्षांत समुपदेशनात एक तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आलीये की आता पहिल्या दहा मिनिटांतच ओळखू येते. "आर्क्टिकचा बर्फ वितळतोय, घरात कोणी मानत नाही, बोललं की भांडण होतं आणि गप्प बसलं की झोप लागत नाही, मग मी करू काय?" विचारणारे बहुतेक पंचवीस-तिशीतले, आणि समोरचा माणूस म्हणजे वडील, काका, नाहीतर एखादा जुना मित्र. म्हणून ही केस लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदलून.

तिला मीरा म्हणू. पहिल्याच सेशनला ती मोबाईलवर ग्राफ उघडून बसली. आर्क्टिक समुद्रावरचा बर्फ सप्टेंबरमधे वर्षातला सगळ्यात कमी असतो, उपग्रहांची सलग नोंद 1979 पासूनची आहे, आणि 2012 ला तो 34 लाख चौरस किलोमीटरपर्यंत खाली आला, हे सगळं एका दमात सांगून झालं. मग म्हणाली, "बाबा म्हणतात, 2013 ला परत वाढला ते का नाही दाखवत?"

आता बाबांचा आकडा खोटा नव्हता हो. 2013 ला बर्फ 50 लाखांच्या वर गेला होता, 'परत आला, परत आला' अशी चर्चाही तेव्हा खूप झाली. पण 1980 च्या दशकात तो साधारण 70 लाख असायचा, आणि 2007 पासूनचं प्रत्येक वर्ष नोंदीतल्या त्याआधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा खालीच आहे.

"मग तू काय केलंस?"
"अजून दहा लिंक पाठवल्या."
"आणि त्यांनी?"
"मला म्यूट केलं."

माझं इतक्या वर्षांचं ठाम मत आहे की माणूस ज्या मुद्द्यावर अडून बसतो त्याच्या खाली त्याला काहीतरी जपायचं असतं, आणि ते सापडल्याशिवाय माहितीचा उपयोग होत नाही. तिसऱ्या सेशनला मी सहज विचारलं, बाबा काय करायचे?

"रिटायर झालेत. कोळशावरच्या वीज केंद्रात होते, बॉयलरला. चौतीस वर्षं."

हे ती अगदी पत्ता सांगावा तसं बोलून गेली. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला फार उशिरा जमलं, पण जमलं. बऱ्याच वेळाने तिने मोबाईल पालथा ठेवला आणि हळूच म्हणाली, "म्हणजे मी ग्राफ दाखवते तेव्हा त्यांना काय ऐकू येत असेल?"

पुढच्या वेळी ती बाबांना घेऊन आली. ते खुर्चीच्या कडेला बसले आणि पहिलंच वाक्य, "हिच्या मते आम्ही जन्मभर पापच केलं." मीराने उत्तर दिलं नाही, आमचं तसं ठरलं होतं. तिने विचारलं, "बाबा, ड्यूटीवरची सगळ्यात अवघड रात्र कुठली?"

वीस मिनिटं ते बोलत होते. बॉयलरची ट्यूब लीक होतेय अशी त्यांना शंका होती पण वरचे मानत नव्हते, कारण एखाद्या शिफ्टला पाण्याचा खप परत कमी दिसायचा. "एका शिफ्टचं रीडिंग खाली-वर होतंच, ट्रेंड बघायचा असतो," असं म्हणता म्हणता ते थांबले. मुलीकडे बघून म्हणाले, "तुझा तो ग्राफ किती वर्षांचा आहे म्हणालीस?"

हे वाक्य मी त्यांच्या तोंडात घातलं नव्हतं, मीरानेही नाही. मी तेव्हापासून प्रत्येकाला हेच सांगते, लिंक पाठवायच्या आधी त्या माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारा, कारण आपल्या हयातभराच्या कामावर घाला येतोय असं वाटत असताना कोणीही आकडे ऐकत नाही. आणि वाद दोन भागांत तोडा. माणसामुळेच पृथ्वी तापतेय हे आयपीसीसीने, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने, 2021 च्या अहवालात निःसंशय म्हटलंय, तिथे दोन बाजू उरलेल्या नाहीत. पण किती वेगाने बदलायचं, खर्च कोणी सोसायचा, कोणाची नोकरी जाणार, हा खरा वाद आहे आणि त्यात मीराच्या बाबांसारख्यांना मानाची जागा हवी. जो नुसता चिडवायला बोलतो त्याला मात्र खुशाल सोडून द्या.

मीराच्या भीतीचं काम वेगळं चाललं होतं. 2016 च्या एका अभ्यासात आलंय की एक टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरचा साधारण तीन चौरस मीटर बर्फ जातो, आणि ती स्वतःच्या प्रत्येक प्रवासाचा हिशोब लावून रडायची. मी म्हटलं, हेच वाक्य उलटं वाच. वाचवलेल्या टनामागे तीन चौरस मीटर राहतोही ना? भीती खोटी आहे असं मी तिला कधीच म्हटलं नाही, 2050 च्या आत निदान एका सप्टेंबरमधे तिथे बहुधा जवळजवळ बर्फच नसेल हे आयपीसीसीच्या त्याच अहवालात आहे. पण उन्हाळ्यातला हा बर्फ तापमानाच्या मागे मागे चालतो, एकदा गेला की कायमचाच गेला असं नाही, तापमान उतरलं तर तो परत धरू शकतो, हेही तिथेच लिहिलंय आणि हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

दोघांचं अजून पटत नाही. केंद्रं एवढ्यात बंद करू नका असं बाबा म्हणतात, उशीरच झालाय असं ती म्हणते. पण मागच्या वेळी तिने एक फोटो दाखवला. बाबांनी एका जुन्या लॉगबुकात 1979 पासूनचे सप्टेंबरचे आकडे हाताने उतरवलेत, आणि खाली पुढच्या वर्षांसाठी रकाने आखून ठेवलेत.