प्रोप्रानोलॉल हे औषध सुरू केल्यावर बाळाच्या गालावरचा लाल डाग कमी होतोय हे घरी कसं मोजायचं?

नुसती लांबी-रुंदी मोजू नका. दर आठवड्याला एकाच जागी, खिडकीच्या उजेडात, डागाशेजारी कागदी पट्टी धरून फोटो काढा आणि रंग व उंचवटाही पाहा. हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या वाढीमुळे आलेला असा लाल डाग, प्रोप्रानोलॉलने आधी मऊ आणि फिकट होतो, आकार मागाहून घटतो. शिवाय गुबगुबीत गालावर पट्टी सपाट बसत नाही आणि बाळही वाढत असतं, त्यामुळे 1-2 मिलिमीटरच्या फरकाला फारसा अर्थ नाही. डॉक्टर वापरतात त्या 'हिमँजिओमा ॲक्टिव्हिटी स्कोअर'मध्येही गुण सूज, रंग आणि जखम यांना असतात, डागाच्या लांबी-रुंदीला नाही. फ्लॅश बंद ठेवा. बाळ रडत असताना तर फोटो नकोच: डाग फुगून गडद दिसतो आणि आपली उगाच घाबरगुंडी उडते. मात्र हे वरवर दिसणाऱ्या डागापुरतं. कातडीखाली निळसर गाठ असेल तर तिची खोली फोटोत नाही, सोनोग्राफीत कळते. डाग फुटला, रक्त आलं किंवा तो पापणीकडे सरकतोय असं वाटलं, तर पुढच्या फोटोची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवा.