सर्व्हरवर कोणी काय चालवलं हे नंतर कळतं का? हिस्टरी (चालवलेल्या कमांडची यादी) तर पुसता येते. प्रोसेस अकाउंटिंगनं (संपलेल्या प्रत्येक प्रोग्रामची नोंद ठेवण्यानं) मशीन मंद होतं का?

कळतं. मंद होत नाही. आता मूळ दुखणं सांगतो.

2014 साली बेळगावात उद्यमबागच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळायला होतो. एका सकाळी ड्रॉइंगचं फोल्डर रिकामं. आदल्या संध्याकाळी शेवटचं लॉगिन माझं, आणि माझ्या हिस्टरीत त्या दिवसाची एक ओळ नाही. झालं, सगळ्यांसमोर निकाल लागला: पोरानं उडवलं आणि हिस्टरी पुसली. मी आपला “मी केलो नाही सर, खरंच” एवढंच म्हणत राहिलो. (आमच्याकडं ‘मी केलो’च म्हणतात, हसू नका.)

खरं असं की संध्याकाळी लाइट गेली, यूपीएसनं मान टाकली आणि माझं सेशन उघडं असतानाच मशीन बंद पडलं. बॅश (कमांड घेणारा शेल) हिस्टरी लिहितो बाहेर पडताना. बाहेर पडायला मिळालंच नाही तर लिहिणार काय? म्हणून सांगतो, हिस्टरी हा पुरावा नव्हे, ती वापरणाऱ्याची सोय आहे.

सुदैवानं महिनाभर आधी मी अकाउंटिंग चालू केलं होतं, त्यावरूनही बोलणी खाल्ली होती. “जुनाट प्रकार, डिस्क भरेल.” जुनाट खराच, 1979 च्या युनिक्स व्हर्जन 7 मध्येही होता. पण लिनक्सवर एक नोंद 64 बाइटची. दिवसाला लाख प्रोसेस संपल्या तरी साडेसहा एमबीच्या आत!

लास्टकॉम (त्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवलं. ताजं वर येतं, म्हणून खालून वर वाचत गेलो: आरएम (फाइल पुसणारी कमांड), मग सफाई.एसएच ही स्क्रिप्ट, एसएच (शेल), क्रॉन (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा). वेळ रात्री सव्वादोनची, यूजर रूट (सगळे अधिकार असलेलं खातं), टर्मिनलच्या जागी नुसत्या दोन रेघा, म्हणजे कीबोर्डवर कोणी नाही. सफाई.एसएच सरांची स्वतःची. आधी ड्रॉइंगच्या फोल्डरमधून यादी काढायची, मग सीडी (फोल्डर बदलायची कमांड) करून बॅकअप डिस्कवर जायचं आणि जुनं पुसायचं. लाइट आल्यावर ती डिस्क माउंटच झाली नव्हती, म्हणजे सिस्टीमला जोडलीच गेली नव्हती. सीडी फसली, आरएम उभा होता तिथंच चालला. सीडीपुढं दोन अँपरसँड (&&, म्हणजे आधीची कमांड जमली तरच पुढची) टाकले असते तर काही झालं नसतं. डिस्क माउंट केली, परवापर्यंतची ड्रॉइंग्ज सुखरूप. सर म्हणाले, “बरं, असू दे की.” माफी त्यातच समजायची होती म्हणे.

तेव्हा अकाउंटिंगसाठी डेबियन लिनक्सवर अ‍ॅक्ट, रेडहॅटवर पीएसअ‍ॅक्ट टाका आणि कुणाची परवानगी मागत बसू नका. म्हणजे मागा, पण लेखी मागा.

हां, एक राहिलं. यात कमांडचं फक्त नाव मिळतं, तेही 15 अक्षरांपर्यंत. कुठली फाइल पुसली ते नाही. सीडी शेलच्या आतली, ती दिसतच नाही. मला स्क्रिप्ट उघडावीच लागली. नोंद प्रोसेस संपल्यावर होते, त्यामुळं लाइट गेली तेव्हा जे चालू होतं त्याचा पत्ता नाही. डिस्कवर दोन टक्क्यांच्या खाली जागा उरली की कर्नल (लिनक्सचा गाभा) नोंदी थांबवतो. पूर्ण कमांड हवी असेल तर ऑडिटडी लावा. आणि ज्याच्याकडं रूट आहे तो हे सगळं बंद करू शकतो. आमच्याकडं रूट सरांकडंच होतं, पण त्यांना लास्टकॉम माहीत नव्हतं.