नुसता कट रचला, गुन्हा घडलाच नाही. तरी शिक्षा होते का?
होय, भारतात दोघांनी किंवा जास्त जणांनी गुन्हा करायचं आपसात ठरवलं, की तिथेच फौजदारीपात्र कटाचा गुन्हा पूर्ण होतो. तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 61 मध्ये आहे. 1 जुलै 2024 पूर्वीच्या घटनांना जुन्या दंड संहितेची कलमं 120-अ आणि 120-ब लागतात. मात्र ठरलेली गोष्ट नुसती बेकायदेशीर असेल, गुन्हा नसेल, तर बोलण्यापलीकडे कुणीतरी त्या दिशेने काही कृती केलेली असावी लागते. एकट्याच्या मनातला बेत म्हणजे कट नव्हे, आणि दुसऱ्यांचा बेत नुसता ठाऊक असणं म्हणजे सामील होणंही नव्हे. खरी अडचण पुराव्याची: कटाचा लेखी करार कोण करतं? म्हणून न्यायालयं बहुतेकदा परिस्थितीजन्य पुराव्यावरूनच संगनमत ताडून पाहतात.