मिलिशियाचे ‘कर्ज’ की ‘देणे’?

एका भाषांतरकाराने विचारले आहे: इंग्लंडच्या इतिहासावरच्या मजकुरात ‘मिलिशियाचे जुने डेट्स (debts) फेडण्याची जबाबदारी काउंटीची’ असे येते. (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्ह्यासारखा विभाग, मिलिशिया म्हणजे त्या विभागाचे राखीव दल.) इथे मिलिशियाला ‘शिबंदी’ म्हणावे का? आणि डेट म्हणजे कर्जच ना?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण घसरायला होते ते तिथे. कर्ज काढावे लागते. देणे न काढताही लागते. वाण्याची उधारी, गड्याची राहिलेली मजुरी ही देणी. काउंटीच्या अंगावर मिलिशियापायी येणारा पैसा बराचसा या जातीचा होता. १७५७ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला माणसे नेमून दिली, डेव्हनला १६००, चिमुकल्या रटलंडला १२०. चिठ्ठ्या टाकून नावे काढत. नाव निघाले की तीन वर्षे चाकरी करा, बदली माणूस द्या, नाहीतर १० पौंड भरा. घरचा माणूस तैनातीवर गेला की मागे राहिलेल्या बायकामुलांना आठवड्याचा भत्ता मिळे. तो पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचा, ओव्हरसियर (गरिबांच्या मदतीचा कारभारी) आधी आपल्याकडून देई आणि मग काउंटीच्या खजिनदाराकडून भरून घेई. माणूस दुसऱ्या काउंटीच्या मिलिशियात असेल, तर हा खजिनदार तिकडच्या खजिनदाराकडे तगादा लावी. यात कर्ज कुणीच काढलेले नाही, सगळे येणे-देणे आहे. म्हणून ‘मिलिशियापोटीची जुनी देणी’ म्हणा. मुदत उलटून गेली असेल तर ‘थकलेली देणी’. १८५४ नंतर काउंट्यांना मिलिशियाची हत्यारे ठेवायला कोठारे उभारावी लागली. त्यासाठी काउंटीने रक्कम उचलल्याचे मजकुरात असेल, तर तिथे मात्र ‘कर्ज’ चपखल.

आता शिबंदी. हा शब्द मला फार प्रिय आहे आणि त्याचा मोह पडणे साहजिक आहे. गडावरची, महालातली (म्हणजे महसुली विभागातली), वसुलीच्या कामी येणारी ती माणसे. पेशवाईच्या हिशेबांत महालाच्या वसुलातून जाणाऱ्या खर्चात ‘शिबंदी’ हे वेगळे कलम असे. म्हणजे स्थानिक माणसे आणि स्थानिक उत्पन्नातून खर्च, इथवर जुळते. पण शिबंदी पगारावर ठेवलेली. चिठ्ठीत नाव निघाले म्हणून नांगर सोडून आलेला शेतकरी तिच्यात नाही. शिवाय ‘यॉर्कशायरची शिबंदी’ वाचले की वाचकाच्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचा बुरूज उभा राहतो. म्हणून ‘मिलिशिया’च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘चिठ्ठ्या टाकून उभे केलेले काउंटीचे राखीव दल’ असा खुलासा द्या. ‘निमलष्करी दल’ नको, त्याने केंद्रीय राखीव पोलीस दल आठवते.

काउंटीलाही ‘परगणा’ करू नका. तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘मिलिशियापोटीची जुनी देणी काउंटीच्याच माथी होती.’