रक्तातल्या पांढऱ्या पेशींना पाय नसतात, मग त्या जंतूपर्यंत पोहोचतात कशा?
पाय नसले तरी आत सांगाडा असतो, आणि तो सतत मोडून नव्याने उभा राहतो. ॲक्टिन या प्रथिनाचे जेमतेम 7 नॅनोमीटर जाडीचे धागे पुढच्या कडेला वाढतात आणि पेशीचं पटल पुढे ढकलतात; मागच्या बाजूला मायोसिन हे दुसरं प्रथिन असे धागे आवळून उरलेला भाग ओढून घेतं.

चिकटण्याचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. रक्ताच्या प्रवाहात पेशी आधी सिलेक्टिन या हलकेच चिकटणाऱ्या प्रथिनाच्या आधाराने रक्तवाहिनीच्या भिंतीवरून घरंगळते. संसर्गाचा रासायनिक इशारा मिळाला, की आतून टॅलिन हे प्रथिन पेशीच्या पटलातल्या इंटिग्रिन या पकड घेणाऱ्या प्रथिनाला जोडलं जातं, दुमडलेलं इंटिग्रिन ताठ होतं आणि भिंत घट्ट पकडतं. म्हणजे बाहेरची पकड आतून ठरते! ॲक्टिनला चालना देणारं एक प्रथिन जन्मतः सदोष असेल तर विस्कॉट-ऑल्ड्रिच हा आजार होतो. अशा मुलांना वारंवार संसर्ग होतात.